निमगडे गुरुजींच्या घरातली तिसरी तार

कोणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी भिंतीवरच्या बोर्डाकडे जाते. प्लग दोन पायांचा आहे की तीन पायांचा, तिसरा पाय शाबूत आहे की कोणी कापलाय, हे बघितल्याशिवाय मला बसवत नाही. यजमान पाण्याचा ग्लास पुढे करतो तेव्हा मी टेबलाखाली वाकलेला असतो. बायको वैतागून म्हणते, "सोयरिकीले आले का मीटर तपासाले?" दुकान बंद करून चार वर्षं झाली, पण ही सवय सुटत नाही.

या अंकाच्या संपादकांनी मागितलं होतं ते वेगळंच. "भाऊ, तुमच्याकडे नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. हसवणारं काहीतरी द्या." हसवणारं आहे माझ्याकडे, तेही थोडं सांगतो. पण ज्यासाठी कागद घेऊन बसलो, ते हसवणारं नाही.

चंद्रपुरात परकोटाच्या आत, एका गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान होतं. सुरुवात रेडिओपासून केली. पुढे टेप आले, अॅम्प्लिफायर आले आणि शेवटची पंधरा-वीस वर्षं संगणक. आमच्या भागात अनेकांनी संगणक घेतला तो हिशेबासाठी किंवा पोरांच्या अभ्यासासाठी, आणि वापरला गाण्यांसाठी. त्याला मोठे स्पीकर जोडायचे, जुन्या कॅसेटी त्यात उतरवायच्या, आणि मग आवाज बिघडला की माझ्याकडे यायचं.

आवाजाची तक्रार शब्दांत सांगणं फार कठीण असतं. दात दुखतो तर बोट ठेवता येतं. इथे माणूस म्हणतो, "डब्यातून आल्यासारखा वाटते", "सर्दी झाल्यावानी गाते", "आवाज आहे पण जीव नाई." त्यावरून रोग ओळखायचा.

गडचांदूरकडचा एक फिटर संगणक आणि दोन्ही स्पीकर मोटारसायकलीवर बांधून घेऊन आला होता. म्हणाला, "भाऊ, तबला वाजते, बासरी वाजते, पन गानारी बाईच गायब आहे." बायकोही सोबत होती. मी लावून पाहिलं, खरंच बाई गायब. त्यानं तारा स्वतः जोडल्या होत्या आणि एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या होत्या. त्यामुळे एका स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलायचा त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे ओढायचा. गायिकेचा आवाज दोन्ही स्पीकरांत सारखा असतो, म्हणून तोच नेमका एकमेकांना खाऊन टाकतो. तारा बदलल्या, बाई गायला लागली. फिटर खूश होऊन म्हणाला, "इतके दिवस कुठी होती मा!" मागून त्याची बायको म्हणाली, "सापडली ना? आता तिच्याच हातचं जेवा."

सांगायचं एवढंच, की बिघाड कुठे आहे हे शोधण्याची एक रीत आहे. गाणं बिघडलंय, की संगणक, की स्पीकर, की घर? एकेक गोष्ट बाजूला काढत जायचं. आवाजाचं बटण पार खाली करा. तरीही घरघर ऐकू आली तर ती गाण्यातली नव्हे. हेडफोन थेट संगणकाला लावा. तिथेही घरघर असेल तर अॅम्प्लिफायर निर्दोष. शेवटी उरतं ते घर, म्हणजे घरातली वीज. बरेच मेकॅनिक घरापर्यंत पोचतच नाहीत, गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवा स्पीकर मारतात. मी घरापर्यंत पोचायचो. मला त्याचा अभिमान होता.

निमगडे गुरुजींच्या घरापर्यंतही मी पोचलो होतो.

गुरुजी घुग्घुसचे. शाळेतून निवृत्त झालेले, भीमगीतं रचणारे आणि स्वतः पेटीवर बसून गाणारे. त्यांचं भजनमंडळ पंचक्रोशीत जायचं. म्हातारपणी त्यांनी मनावर घेतलं, की आपली चाळीसेक गाणी आपल्याच आवाजात, आपल्याच पेटीवर नोंदवून ठेवायची. त्यासाठी संगणक घेतला, माइक घेतला, छोटा अॅम्प्लिफायर घेतला. सिमेंट कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या मुलानं, मिलिंदनं, सगळं जोडून दिलं. आणि एका मे महिन्यात गुरुजींचा मला फोन आला.

"जयभीम भाऊ. माझ्या गाण्याखाली कोणीतरी घोरून राह्यलं. आणि बेसुर घोरते. पांढरी पाचच्या जरासा वर आहे त्याचा सूर. माझ्या पेटीशी भांडते."

मी चकित झालो. विजेची घरघर नेमकी तिथेच असते. इतक्या वर्षांत कोणी गिऱ्हाइकानं मला तिची पट्टी सांगितली नव्हती.

दुपारच्या बसनं गेलो. घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक, खिडकी लावली तर उकाडा आणि उघडली तर तोंडात धूळ. गुरुजींच्या घरी पोचलो तेव्हा माझा रुमाल काळा झाला होता. त्यांच्या सुनेनं, सुजातानं, हातपाय धुवायला पाणी दिलं. घर इतकं स्वच्छ, की मला चप्पल कुठे काढू असं झालं. ती म्हणाली, "दिवसातून दोनदा पुसा लागते जी. नाई तं पायाले कोळसा लागते."

माझ्या रीतीनं मी एकेक गोष्ट तपासत गेलो. आवाज खाली केला, घरघर तशीच. हेडफोन लावले, तशीच. मग बाजूच्या खोलीतला कूलर बंद करायला सांगितला. घरघर गेली. चालू केला, आली. कूलर जुना, त्याच्या मोटारीतून थोडा करंट पत्र्यावर झिरपत होता.

इथे तिसऱ्या तारेबद्दल सांगायला हवं. घराच्या वायरिंगमध्ये वीज एका तारेनं येते आणि दुसरीनं परत जाते. तिसरी तार एरवी काहीच करत नाही. तिचं एक टोक यंत्राच्या पत्र्याला आणि दुसरं घरामागच्या खड्ड्यात, जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडलेलं असतं. यंत्रात बिघाड होऊन करंट पत्र्यावर आला, तर त्यानं माणसाच्या अंगातून न जाता या तारेनं मुकाट जमिनीत जावं, एवढंच तिचं काम. हीच अर्थिंग. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात, कारण जमीन कोरडी पडली की ती करंट पोटात घेत नाही. गुरुजींचा खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा होता. कूलरचा करंट जमिनीत जाईना, तो त्याच तारेनं उलटा संगणकात येऊन घोरत होता.

याला इलाज होता. कूलरची मोटार दुरुस्त करायची आणि नवा खड्डा करायचा. अर्ध्या दिवसाचं काम. पण बाहेर रणरणतं ऊन, परतीची बस साडेचारची, आणि गुरुजी पेटी पुढ्यात घेऊन बसलेले. "आज एक तरी गाणं होऊ द्या भाऊ."

आमच्या धंद्यात यावर एक सोपी युक्ती चालते. संगणकाच्या प्लगमधली तिसरी तार सोडवायची. खड्ड्याशी संबंधच तुटला की घरघर बंद. आम्ही सगळेच ते करायचो आणि शिकाऱ्यानं सावज दाखवावं तसं एकमेकांना सांगायचो. मी प्लग उघडला, हिरवी तार काढली, टोक दुमडलं, त्यावर माझ्याकडची पांढरी टेप गुंडाळली आणि प्लग बंद केला. दहा मिनिटं लागली.

गुरुजींनी माइकपुढे सूर धरला. खाली काहीही नव्हतं, नुसता पेटीचा आणि त्यांचा आवाज. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊ, तुमच्या हातात जादू आहे."

मी म्हणालो, "पाऊस पडला की येतो. अर्थिंगचं थोडं काम आहे, करून देतो."

मी गेलो नाही. त्याला कारण म्हणावं असं कारण नाही. मृग लागला, शाळा उघडल्या, दुकानात काम वाढलं. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणत राहिलो. आणि जे आजही डोक्यातून जात नाही ते हे, की पाऊस पडल्यावर कूलर बंद झाले होते. खड्डा आपोआप ओला झाला होता. ती तार तेव्हा नुसती परत जोडली असती तरी घरघर आली नसती. खड्डाही खणावा लागला नसता. एका फेरीचं काम.

श्रावणात मिलिंदचा फोन आला. गुरुजींना संगणकाचा शॉक बसला होता. हेडफोन लावायला त्यांनी एक हात पत्र्याच्या डब्यावर ठेवला, आणि फेकले गेले ते लोखंडी पलंगावर. मनगट मोडलं, बोटं भाजली. दवाखान्यात होते. "मशीन एकदा पाहून जा काका. घरात कोणी त्या खोलीत जायला तयार नाई."

त्या दिवशीचा बसचा प्रवास मला पूर्ण आठवतो. प्रत्येक थांब्यावर वाटलं, उतरावं. आतल्या आत एकच प्रार्थना चालली होती, की प्लग अजून कोणी उघडलेला नसू दे.

नव्हता उघडला. खोलीत मी एकटा होतो. मेन स्विच बंद करून संगणकाचा डबा खोलला. आत कोळशाच्या धुळीचा थर, आणि पावसाळी हवेनं तो दमट झालेला. कोळशाची धूळ ओली झाली की तिच्यातून वीज वाहते. तिच्यातूनच करंट पत्र्यावर आला होता. तिसरी तार असती तर तो ओल्या खड्ड्यात उतरला असता, फार तर फ्यूज उडाला असता. मग मी प्लग खोलला. पांढरी टेप तशीच होती. ती काढून खिशात घातली, हिरवी तार जागच्या जागी कसली, आणि प्लग बंद केला. तेवढ्यात दारात माणसं जमली. गुरुजींच्या बाई, मंडळाचे दोघे, शेजारच्या तीन-चार बायका. सगळ्यांच्या मागे, चौकटीला धरून सुजाता.

"काऊन झालं भाऊ असं?" बाईंनी विचारलं.

मी डब्याकडे पाहत म्हणालो, "आत धूळ आहे, तिनं थोडा करंट आला. पण इतका लागला नसता. फरशी ओली होती का?"

मग एक शेजारीण म्हणाली, "सुजातानं तवाच पुसली होती ना वं?"

"मंग त्यानंच," मी म्हणालो. "ओल्या फरशीवर उघड्या पायानं हात लावायला नको होता."

सगळे वळून सुजाताकडे पाहायला लागले. मी पेचकस पिशवीत टाकला.

गुरुजी वाचले, पण उजव्या हाताच्या तीन बोटांना पुढे संवेदना राहिली नाही. पेटी कायमची सुटली. चाळीस गाण्यांपैकी नऊ नोंदवून झाली होती, ती नऊच राहिली. हे मला कळत होतं, आणि मी त्या रस्त्यानं जाणं टाळत होतो. दुकानात मात्र एक बदल केला. यापुढे कोणाचीही तिसरी तार काढायची नाही. दुसऱ्या मेकॅनिकांना दटावायचो. ते म्हणायचे, "भाऊ म्हातारपणी भित्रे झाले."

मागच्या वर्षी गुरुजी गेले, वयानं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. वंदना झाली, लोक गुरुजींबद्दल बोलले, जेवणं झाली. ताटं उचलल्यावर सुजाता फरशी पुसायला आली. ओलं फडकं फिरवलं, आणि मग गुडघ्यांवर बसून कोरड्या फडक्यानं तीच फरशी पुन्हा पुसायला लागली. कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत, हात फिरवून ओल लागते का ते बघत. शेजारी बसलेली एक म्हातारी मला सांगायला लागली, "आता पुसते कोरडी करून. तवा पुसली असती तं गुरुजीचा बाजा नसता गेला." ती हे इतक्या सहज म्हणाली, की ते त्या घरात किती वेळा म्हटलं गेलं असेल ते मला कळलं. सुजातानं ऐकलं. तिचा हात थांबला नाही.

त्यानंतर मला झोप लागेना. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मले सांगून काय होते? जिले सांगाचं तिले सांगा."

या पावसाळ्यात गेलो. सुजाता अंगणात सोयाबीन निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तार, टेप, खिसा, आणि त्या दिवशीचं माझं वाक्य. तिनं सूप खाली ठेवलं.

"फरशी कोरडी असती तं लागला असता का शॉक?"

या प्रश्नाची मला सगळ्यात जास्त भीती होती. "लागला असता," मी म्हणालो. "कदाचित थोडा कमी."

"म्हनजे थोडी माही बी चूक."

"नाही. घर म्हटलं की फरशी ओली होणारच, हे धरूनच ती तार दिलेली असते बाई. ती तार तुमच्या ओल्या फरशीसाठीच होती. ती मी काढली."

मला वाटलं, रडेल किंवा शिव्या देईल. ती शांतपणे म्हणाली, "तवा तुमी चार लोकायसमोर बोलले होते काका. आता मले एकटीले काऊन सांगून राह्यले?"

माझ्या उत्तराची वाट न बघता तीच पुढे बोलली.

"माहा नवरा चार महिने माह्याशी बोलला नाई. मामंजी बिचारे म्हनत, जाऊ दे पोरी, माहंच ध्यान नव्हतं. पन ते बी मनात तेच धरून गेले. आत चला. आईले सांगा."

गुरुजींच्या बाई आत खाटेवर बसल्या होत्या. डोळ्यांना आता फार दिसत नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी सुजाता कुठे आहे म्हणून हात पुढे करून चाचपलं. सुजाता दारातच उभी होती, जवळ आली नाही.

"इतके वर्ष मी इले बोलली," बाई माझ्या दिशेनं म्हणाल्या. "तुमी ऐकून होते का भाऊ?"

"नाही. पण बोलत असाल, हे माहीत होतं."

"मंग घरी कसे जेवत होते तुमी?"

दुसऱ्या दिवशी पहार, कुदळ आणि पट्टी घेऊन गेलो. नको म्हणत असतानाही मागच्या दारी खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, तार ओढली, टेस्टरनं दोनदा तपासलं. वय झालं आहे, दुपारपर्यंत कंबर राहिली नाही. मग संगणक लावला. गुरुजींची नऊ गाणी अजून त्यात आहेत. बाजूला नवा कूलर मुद्दाम चालू करून ऐकलं. खाली घरघर नव्हती. जे मी तार तोडून मिळवलं होतं, ते तार जोडूनही मिळत होतं. मला ते तेव्हाही माहीत होतं.

सुजातानं विचारलं, "याले पानी टाकाव लागते म्हने?"

"उन्हाळ्यात. बादलीभर, आठवड्यातून एकदा. कोणतंही चालतं."

ती आत गेली आणि फरशी पुसलेल्या पाण्याची बादली आणून खड्ड्यात ओतली. माझ्याकडे न बघता.

निघताना मी म्हणालो, की एका दिवाळी अंकासाठी मला लिहायला सांगितलं आहे, त्यात हे नावानिशी लिहिलं तर चालेल का? "लिहा," ती म्हणाली. "मंडळाचे लोक वाचतील. पन आईले अक्षर दिसत नाई, आन शेजारच्या बाया काही अंक घेनार नाई."

"मग तुम्ही वाचून दाखवा."

"मी काऊन वाचू? तुमी लिहिलं, तुमी या वाचाले. त्याच खोलीत. तवा जे जे होते त्याइले मी बोलावून ठेवतो."

अंक हातात पडेल त्या आठवड्यात मला घुग्घुसला जायचं आहे. तोंडपाठ व्हावं म्हणून मी हे रोज मोठ्यानं वाचतो आहे. टेपपर्यंत नीट वाचता येतं. "मंग त्यानंच" या शब्दांशी आलो की आवाज फुटतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.